वाचकांचे प्रश्न : औषधांच्या कारखान्यातील विकरे

गेल्या महिन्यात या सदरात मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन या औषधाविषयी लिहिताना, त्याच्या निर्मितीतील एक कळीचा टप्पा आता धातूच्या उत्प्रेरकाऐवजी विकराच्या, म्हणजे ज्याला आपण सर्रास एन्झाइम म्हणतो त्याच्या साहाय्याने पार पाडता येतो, असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या वाक्यावर पुण्यातून आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींतून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी चार वर्षांपासून सिटाग्लिप्टिन घेतो. त्यातील कोणता टप्पा इतका अवघड होता, की तो रसायनांनी जमेना आणि त्यासाठी विकराची मदत घ्यावी लागली? (निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ)

उत्तर : रसायनांनी तो जमत होता, पण फार महागात पडत होता. का, ते समजण्यासाठी आधी घरातल्या दोन वासांकडे वळू. बाळंतशेपा आणि पुदिना यांच्या वासांत कोणाची गल्लत होत नाही. तरीही दोन्ही वासांत मोठा वाटा कार्व्होन नावाच्या एकाच संयुगाचा आहे. अणू तेच, त्यांच्या जोडणीचा क्रमही तोच; फक्त एकाची रचना म्हणजे दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. डाव्या आणि उजव्या पायांतल्या चपला मापाने सारख्या असूनही एकीच्या जागी दुसरी चालत नाही, तसे हे आहे. नाकातील प्रथिनांना हा फरक कळतो, आणि शरीरातील ज्या प्रथिनांवर औषधे काम करतात, त्यांनाही तो कळतो.

सिटाग्लिप्टिनच्या रेणूत एका कार्बन अणूवर अमिनो गट ठरावीक बाजूनेच बसावा लागतो. साध्या अभिक्रियेत दोन्ही बाजूंना सारखीच संधी मिळते आणि निम्मा माल उलट्या रचनेचा निघतो. म्हणून मर्क या कंपनीच्या पूर्वीच्या पद्धतीत ऱ्होडियम या अतिशय महाग धातूचा खास घडवलेला उत्प्रेरक वापरून, सुमारे १७ वातावरणांइतक्या दाबाखाली हायड्रोजन वायू द्यावा लागत असे. त्यासाठी दाब सोसणारे वेगळे पात्र हवे, नंतर औषधात धातूचा अंश राहू नये म्हणून तो काढून टाकण्याची वेगळी प्रक्रिया हवी, आणि एवढे करूनही उलट्या रचनेचा थोडा माल उरत असल्याने स्फटिकीकरण करून तो वेगळा करावा लागे.

हेच काम सजीवांच्या पेशींत रोज आणि गाजावाजा न होता चालते. आपल्या यकृताच्या तपासणीच्या अहवालात ‘एसजीपीटी’ असा एक आकडा असतो. त्यातील शेवटचा ‘टी’ म्हणजे ट्रान्सॲमिनेज. एका रेणूवरचा अमिनो गट उचलून दुसऱ्या रेणूवर नेमक्या बाजूने बसवणे, हेच या विकरांचे काम, आणि त्यात त्यांना ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेल्या एका सहायक रेणूची साथ लागते. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या संशोधकांनी अशाच एका जीवाणूजन्य ट्रान्सॲमिनेजपासून सुरुवात केली. सिटाग्लिप्टिनचा पूर्वगामी केटोन, म्हणजे अमिनो गट बसण्याआधीचा रेणू, इतका मोठा होता, की त्या विकराच्या खाचेत तो मावतच नव्हता. सुरुवातीला त्याची या केटोनवर मोजता येण्याजोगी क्रियाही आढळली नाही. मग त्यांनी आधी केटोनचा छोटा तुकडा घेऊन विकराला त्याची सवय लावली, खाच रुंद केली, आणि त्यानंतर बदल करायचे, हजारो नमुने तपासायचे, त्यांतील सरस ते राखून पुन्हा बदल करायचे, हा क्रम फेरीमागून फेरी चालवला. ज्वारीचे भरदार कणीस बियाण्यासाठी बाजूला काढणारा शेतकरी जे पिढ्यान्‌पिढ्या करत आला, तेच येथे परीक्षानळीत काही महिन्यांच्या हिशेबाने घडते. या पद्धतीला निर्देशित उत्क्रांती म्हणतात. तिच्यासाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

अखेरीस तयार झालेल्या विकरात २७ अमिनो आम्ले बदललेली होती. हे विकर अर्ध्या पाण्याच्या आणि अर्ध्या डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकाच्या मिश्रणात, लिटरमागे २०० ग्रॅम केटोन असतानाही टिकून काम करत होते, आणि त्यातून मिळणारा माल ९९.९५ टक्क्यांहूनही अधिक योग्य रचनेचा होता. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एकंदर उत्पादन १० ते १३ टक्क्यांनी वाढले, ऱ्होडियम हद्दपार झाले आणि उच्च दाबाच्या पात्राची गरजही संपली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. भारतात या औषधाचे पेटंट २०२२ मध्ये संपल्यानंतर अनेक कंपन्या ते बनवू लागल्या, आणि प्रत्येकीचा मार्ग एकच असेल असे नाही. आपली गोळी विकराने बनली की धातूने, हे वेष्टनावरून कळत नाही. गुणवत्तेची कसोटी मात्र दोघींनाही सारखीच लागू असते.

प्रश्न : माझे वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग ॲमॉक्सिसिलिनच्या संदर्भात ज्या ‘सिक्स-एपीए’चे नाव येते, ते काय आहे आणि त्यात विकर कोठे येते? (पिंपरी)

उत्तर : या प्रश्नाचे मला विशेष अप्रूप आहे, कारण विकरांच्या औद्योगिक वापराचे याहून चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही. तुमचे वडील ज्या कारखान्यात होते, तो १९५४ साली पिंपरीत स्थापन झाला आणि त्याने देशाला स्वतःचे पेनिसिलिन दिले. बुरशी जे पेनिसिलिन-जी बनवते, त्याच्या रेणूचे दोन भाग कल्पावेत : चार अणूंचे ताणलेले कडे ज्यात आहे तो गाभा, आणि त्याला जोडलेली शेपटी. जीवाणूंना मारण्याची शक्ती त्या कड्यात आहे. शेपटी बदलली की औषधाचा स्वभाव बदलतो. ते जठरातील आम्लात तगते किंवा अधिक प्रकारच्या जीवाणूंवर चालते. ॲम्पिसिलिन आणि ॲमॉक्सिसिलिन ही अशी शेपटी बदललेली पेनिसिलिने. शेपटी काढल्यावर उरणारा गाभा म्हणजे सिक्स-एपीए. तो वेगळा करता येतो, हे ब्रिटनमधील बीचम कंपनीच्या संशोधकांनी १९५९ मध्ये जाहीर केले.

आता अडचण पाहा. शेपटी ज्या बंधाने जोडलेली आहे तो अमाइड बंध, आणि ताणलेल्या कड्यातही अमाइड बंधच. आम्ल किंवा अल्कली घालून शेपटी तोडू गेले, तर ताणामुळे आधी कडेच फुटते आणि हाती काहीच राहत नाही. म्हणून रासायनिक पद्धतीत रेणूचा एक भाग सिलिकॉनच्या संयुगाने झाकून, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखे आक्रमक रसायन वापरून, डायक्लोरोमिथेनमध्ये उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करावे लागे. एवढ्या थंडीसाठी लागणारी वीज आणि पाण्याचा थेंबही चालणार नाही असे कोरडे रिॲक्टर, हा सगळा खर्च एका बंधापायी!

पेनिसिलिन ॲसायलेज हे विकर तोच बंध पाण्यात, साधारण आपल्या शरीराइतक्या किंवा त्याहून कमी तापमानाला, कड्याला धक्का न लावता तोडते. ते शेपटीला ओळखते आणि तिच्याच बंधापाशी काम करते. शेजारचा बंध कितीही नाजूक असला तरी त्याच्याकडे वळत नाही. पण कारखान्यात एवढ्याने भागत नाही. शेपटी सुटली की ती फिनाइल ॲसिटिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे द्रावण आम्लधर्मी होत जाते आणि विकर मंदावते. म्हणून अमोनियासारखी अल्कली सतत घालून पीएच ८ च्या आसपास राखावा लागतो. हात जरा सैल सुटून अल्कली जास्त झाली, तर तेच नाजूक कडे फुटू लागते. काम पूर्ण झाल्यावर पीएच सुमारे ४ पर्यंत खाली आणला की सिक्स-एपीए स्फटिकरूपाने खाली बसते. सुटलेले फिनाइल ॲसिटिक आम्ल परत मिळवून पुन्हा बुरशीलाच देता येते, कारण पेनिसिलिन-जी बनवताना बुरशीला शेपटीसाठी तेच लागते.

विकर स्वस्त नसते. एकदा वापरून फेकून देणे परवडले नसते. त्यामुळे ते बारीक मण्यांवर पक्के बांधतात. रिॲक्टरच्या तळाशी जाळी असते, द्रावण निघून जाते, मणी मागे राहतात आणि पुढच्या बॅचला तयार असतात. अशा शेकडो बॅचेस एकाच भरणीत निघतात. ढवळणाऱ्या पात्यांनी मणी भरडले जाऊ नयेत, ही काळजी तेवढी घ्यावी लागते. विकर असे बांधून कारखान्यात वापरण्याची पहिली मोठी यशस्वी योजना १९६९ मध्ये जपानच्या तानाबे कंपनीत, अमिनो आम्ले वेगळी करण्यासाठी सुरू झाली होती. आणि तुमच्या पिंपरीपासून जवळच, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पेनिसिलिन ॲसायलेजवर अनेक वर्षे मूलभूत आणि उपयोजित असे दोन्ही प्रकारचे संशोधन झाले आहे. पुणेकरांना या गोष्टीची माहिती असावी असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिले.

प्रश्न : केटोरिडक्टेज वापरून केटोनचे अल्कोहोल करण्याची आमची अभिक्रिया प्रयोगशाळेत ९८ टक्क्यांपर्यंत जाते, रिॲक्टरमध्ये मात्र ८० च्या पुढे सरकत नाही. हायड्रोजन देण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. शिवाय नंतर पदार्थ काढून घेण्यासाठी टोल्युइन हा सॉल्व्हंट घातल्यावर मध्ये साय धरल्यासारखा थर येतो आणि लेअर सुटत नाहीत. (उत्पादन विभाग, कुरकुंभ औद्योगिक वसाहत)

उत्तर : आधी एक साधी परीक्षा करावी. थांबलेल्या मिश्रणाचा नमुना घेऊन त्याचे भाग करा. एकात ताजे विकर आणि दुसऱ्यात ताजा सहायक रेणू, म्हणजे एनएडीपी, घाला. यांपैकी एकामुळे अभिक्रिया पुढे सरकली, तर विकर किंवा सहायक रेणू निकामी झाला असे समजावे. दोन्ही भाग जागचे हलले नाहीत, तर तुम्ही समतोलापाशी, म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते त्या स्थितीपाशी, येऊन थांबला आहात. विकर वेग वाढवते, समतोल बदलत नाही; ही गोष्ट पाठ असूनही कारखान्यात हमखास विसरली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून ॲसिटोन बनतो. प्रयोगशाळेतील उघड्यासारख्या फ्लास्कमधून तो सहज उडून जातो, मोठ्या बंद रिॲक्टरमध्ये साचतो आणि अभिक्रियेला मागे खेचतो. हलकी निर्वात आणि पृष्ठभागावरून नायट्रोजनचा प्रवाह देऊन ॲसिटोन काढत राहावे, आणि त्याबरोबर उडणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची भर घालत राहावे. दम्यावरील व ॲलर्जीवरील माँटेलुकास्टच्या बाबतीत अशाच अभिक्रियेत तयार होणारे अल्कोहोल स्फटिक होऊन द्रावणातून बाहेर पडते, त्यामुळे समतोलाची अडचण आपोआप सुटते. तुमच्या पदार्थाची विद्राव्यता त्या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. हे काहीच जमले नाही, तर ग्लुकोज आणि ग्लुकोज डिहायड्रोजिनेजची जोडी वापरता येईल. तिला मागे फिरण्याची वाट राहत नाही. मात्र ग्लुकोनिक आम्ल तयार होते, म्हणून अल्कलीचा पंप आणि भरवशाचा पीएच प्रोब अनिवार्य ठरतो.

विकर निकामी झाल्याचे आढळले, तर जॅकेटकडे, म्हणजे रिॲक्टर तापवण्यासाठी त्याच्याभोवती असलेल्या आवरणाकडे, पाहा. एका कारखान्यात मी स्वतः हे अनुभवले आहे : थर्मामीटर ४५ अंश दाखवत होता, सगळे नोंदवहीप्रमाणे चालले होते, पण तापवण्यासाठी जॅकेटमध्ये वाफ सोडली जात होती. भिंतीलगतचा थर कितीतरी अधिक तापत होता आणि ढवळताना तेथून जाणारे विकर थोडे थोडे गोठून निकामी होत होते. वाफेऐवजी कोमट पाणी फिरवल्यावर बॅच सुरळीत झाली. हे कारण शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले, म्हणून तुम्हांला आवर्जून सांगतो.

मधला थर हा प्रथिनाचा आहे. टोल्युइन घालण्यापूर्वीच तुमचा पदार्थ सोसेल त्या मानाने मिश्रण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून किंवा पीएच खाली आणून प्रथिन गोठवावे, सेलाइटच्या, म्हणजे गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक भुकटीच्या, थरातून गाळून घ्यावे आणि मगच टोल्युइन घालावे. गाळण्यात जाणारा वेळ लेअर सुटण्याची वाट पाहण्यापेक्षा कमीच असतो.

प्रश्न : माझा मुलगा औषधाच्या कारखान्यात एन्झाइमची पावडर रिॲक्टरमध्ये टाकण्याचे काम करतो. तो म्हणतो, हे रसायन नाही, नैसर्गिक आहे, त्यामुळे मास्कची गरज नाही. हे खरे का? (दौंड)

उत्तर : नाही, ताई, हे खरे नाही, आणि आपण विचारलेत हे फार बरे केले. विकर हे प्रथिन आहे, आणि श्वासावाटे वारंवार शरीरात जाणाऱ्या परक्या प्रथिनाची ॲलर्जी होऊ शकते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये कपडे धुण्याच्या पावडरीत विकरे मिसळू लागल्यावर, तेथील कारखान्यांतील कामगारांना दम्याचा त्रास होऊ लागल्याचे स्पष्टपणे नोंदले गेले. त्यानंतर विकराची उडणारी भुकटी टाळून त्याचे लेप दिलेले दाणे बनवले जाऊ लागले. हा त्रास पहिल्या दिवशी होत नाही. काही आठवडे किंवा महिने संपर्क आल्यावर शरीर संवेदनशील बनते आणि पुढे अगदी थोडी धूळही त्रास देते. म्हणूनच ‘इतके दिवस काही झाले नाही’ या शब्दांवर विसंबू नये. मुलाने चेहऱ्याला घट्ट बसणारा, धुळीसाठीचा योग्य मास्क वापरावा, पावडर धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेखालीच हाताळावी, सांडलेली पावडर झाडू किंवा हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी, आणि शक्य असेल तेथे द्रवरूप विकर मागवावे असे आपल्या वरिष्ठांना सांगावे. कामावर असताना किंवा घरी आल्यावर रात्री खोकला, शिंका किंवा छातीत घरघर जाणवली, तर कामाचे स्वरूप सांगून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : विकराने बनवलेले औषध शाकाहारी माणसाने घ्यावे का? (बिबवेवाडी, आणि आणखी दोघे)

उत्तर : ज्या औषधांच्या निर्मितीत विकर केवळ उत्प्रेरक असते, त्यांत आज वापरली जाणारी बहुतेक विकरे जीवाणू, यीस्ट किंवा बुरशी यांच्यापासून मोठ्या किण्वनपात्रांत तयार होतात, आणि काम झाल्यावर ती काढून टाकली जातात. याच्या उलट काही औषधांत विकर हेच औषध असते. पचनासाठी दिले जाणारे पॅन्क्रिॲटिन सामान्यतः डुकराच्या स्वादुपिंडापासून मिळवतात, पपेन मात्र कच्च्या पपईच्या चिकापासून. तेव्हा ‘विकर’ या शब्दावर न थांबता ते कोणते, हे विचारावे. कॅप्सूलचे बाहेरचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, याकडेही लक्ष वेधतो.

प्रश्न : ‘हरित रसायनशास्त्र’ म्हणून विकरांची जी जाहिरात होते, ती कितपत खरी? आमच्या परिसरात कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न जुना आहे. (पर्यावरण कार्यकर्ता, दौंड तालुका)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. विकर पाण्यात आणि कमी तापमानाला काम करते, एवढ्यावरून सारी प्रक्रिया स्वच्छ ठरवणे चूक आहे. सिटाग्लिप्टिनची कामगिरी एवढी नावाजली गेली, तरी तिच्यात एकूण कचरा घटला तो १९ टक्के. ही घट मोलाची आहेच; पण ८१ टक्के उरला, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. पाण्यात केलेली अभिक्रिया म्हणजे शेवटी क्षार, प्रथिने आणि सेंद्रिय पदार्थ मिसळलेले पाणीच, आणि त्यातून औषध काढण्यासाठी पुन्हा सॉल्व्हंट लागतोच. त्या पाण्याची ऑक्सिजनची मागणी मोठी असते, म्हणजे त्यातील पदार्थ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. ते प्रक्रिया न करता ओढ्यात सोडले, तर ‘नैसर्गिक’ असल्याने ओढ्याला काही दिलासा मिळत नाही.

मोजायचे ते पूर्ण मार्गाचे. रॉजर शेल्डन यांनी सुचवलेला ‘ई-फॅक्टर’ म्हणजे एक किलो मालामागे किती किलो कचरा निघतो तो आकडा. औषधांच्या क्षेत्रात तो २५ ते १०० किंवा त्याहून अधिक असल्याचे त्यांनीच दाखवून दिले. नसांच्या वेदनेवरील प्रीगॅबालिनच्या निर्मितीत फायझरने सुरुवातीच्याच टप्प्यावर लायपेज हे विकर आणले. योग्य रचनेचा माल आरंभीच वेगळा झाला, नको असलेला भाग परत वापरात आणता आला, पुढचे टप्पेही पाण्यात करता आले आणि ई-फॅक्टर ८६ वरून १७ वर आला. दोन्ही ठिकाणी विकरच, पण लाभात एवढे अंतर पडले, ते विकर कोणत्या टप्प्यावर बसवले यामुळे. म्हणून एखादा कारखाना विकराचा दाखला देऊ लागला, तर त्याला किलोमागे किती सॉल्व्हंट लागला, त्यातला किती परत मिळवला आणि किती पाणी कोणत्या अवस्थेत बाहेर गेले, हे तीन आकडे मागावेत. जो खरोखर सुधारला आहे, त्याच्यापाशी ते तयार असतात.

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या द्वितीय वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचे तर सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळावे का? (शिवाजीनगर)

उत्तर : विषय बदलू नये, वाढवावा. कोणत्या टप्प्यावर विकर बसवायचे, हे ज्याला सेंद्रिय रसायनाचा पूर्ण मार्ग वाचता येतो त्यालाच उमगते. पण विकर हाताळायला पीएच, बफर, प्रथिनांचे मापन आणि किण्वन यांची सवय लागते, आणि ती पुस्तकातून येत नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे कोणते सूक्ष्मजीव कशासाठी जतन केले आहेत, हे पाहण्यापासून सुरुवात करता येईल. तोवर महाविद्यालयात एक प्रयोग करून पाहा. बेकरीतले यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात जागे करून त्यात ॲसिटोॲसिटिक एस्टर घाला, एक-दोन दिवस ढवळत ठेवा, गाळून उत्पादन काढा आणि पोलॅरिमीटरमध्ये ठेवा. सुरुवातीच्या एस्टरने प्रकाशाचे प्रतल जराही वळत नाही. यीस्टने दिलेल्या अल्कोहोलने ते वळते. गाळताना बराच त्रास होईल, कारण यीस्टचा चिकट गाळ लवकर खाली बसत नाही. तेव्हा कुरकुंभच्या वाचकांना वर सुचवलेले सेलाइट प्राध्यापकांकडून मागून घ्यावे.